फ्लॅशला सव्वाशे

आजही कुणी मला विचारलं, "काका, कॅमेरा कोणता घेऊ? सेटिंग काय ठेवू?" तर मी एवढंच सांगतो की सोबत जी पुस्तिका मिळते ती वाच. विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. म्हातारा तुसडा आहे, चार गोष्टी सांगायलाही कंजुषी करतो, असं नात्यागोत्यात माझ्याबद्दल बोललं जातं, हे मला ठाऊक आहे. बोलोत बापडे. एके काळी मी न मागता, फुकट आणि भरभरून सल्ले वाटत होतो. त्यातला एक सल्ला आठवला की अजूनही एकटा असताना माझे कान गरम होतात.

गडचिरोली जिल्हा तेव्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता. सरकारी कचेऱ्या मिळेल त्या भाड्याच्या घरांत थाटल्या होत्या. आमची कचेरी ज्या घरात होती तिथे टाइपरायटर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होता आणि फायली फडताळात, जिथे पूर्वी कुणाची लोणच्याची बरणी असेल तिथे. मी चंद्रपूरहून बदलून आलेला कारकून. पण माझी ओळख कारकून म्हणून नव्हती, याची मी पुरेपूर काळजी घेतली होती. सुट्टीच्या दिवशी माझ्या खांद्याला कॅमेरा असे. एका बदलून गेलेल्या साहेबांकडून घेतलेला तो जुना जपानी कॅमेरा होता. मार्कंड्याच्या देवळावरची शिल्पं, वैनगंगेतल्या नावा, मोहफुलं वेचणाऱ्या बायका, असले फोटो मी काढायचो. बायका पाठमोऱ्या काढायचो आणि त्याला कला म्हणायचो.

बसस्टँडजवळ एक स्टुडिओ होता. मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. पासपोर्टचे फोटो आणि लग्नं यांवर त्यांचं घर चाले. रविवारी सकाळी आम्ही तीन-चार हौशी लोक त्यांच्या बाकावर चहा पीत बसायचो आणि लेन्सच्या गप्पा मारायचो. चाचा आमच्या फिल्म धुऊन द्यायचे, वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असून फारसे बोलायचे नाहीत. त्यांना विचारावं असं आम्हालाही कधी वाटलं नाही. ते धंदेवाले, आम्ही कलावंत. आमच्या त्या बाकावर गुरूची जागा माझी होती, आणि ती मला कुणी दिली नव्हती, मीच बळकावली होती.

खरं सांगायचं तर माझ्यापाशी चार आकडे होते. नागपूरच्या रद्दीतून आणलेली दोन-तीन फोटोग्राफीची मासिकं अर्धवट समजून वाचली होती, एवढीच पुंजी. उन्हात शटर सव्वाशे, म्हणजे पडदा सेकंदाचा सव्वाशेवा भाग उघडा राहणार, आणि लेन्सचं छिद्र अकरावर. सावलीत साठ. फ्लॅश लावला की पुन्हा सव्वाशे. हे आकडे माझ्या कॅमेऱ्यावर बरोबर यायचे, म्हणून ते जगातल्या सगळ्या कॅमेऱ्यांना लागू आहेत अशी माझी खात्री होती. का, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

आमच्याच कचेरीत एक तरुण आरेखक होता. रस्त्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढायचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. आरमोरीच्या अलीकडच्या एका गावचं बौद्ध कुटुंब, वडील लहानपणीच गेलेले, आईने दुसऱ्यांच्या धानात रोवणी-कापणी करून याला आणि याच्या बहिणीला वाढवलं. त्याचं अक्षर पाहण्यासारखं होतं. शाईची रेघ ओढताना तो श्वास रोखून धरायचा. एक रेघ चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडून पुन्हा काढायचा. घाई हा शब्द त्याच्या कोशात नव्हता. मी त्याची थट्टा करायचो, पण मनातून मला त्याचा थोडा हेवाच वाटायचा.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने कॅमेरा घ्यायचं ठरवलं, आणि अर्थातच माझ्याकडे आला. जुना कॅमेरा मीच शोधून दिला, फ्लॅशही मीच पसंत केला. मग एक दिवस तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "भाऊ, फोटो तुम्हीच काढाल का? मले भेव वाटते."

"मी लग्नाचे फोटो काढत नाई," मी म्हणालो. जणू काही एखाद्या शास्त्रीय गायकाला वरातीत गायला बोलावलं होतं.

"मंग निदान या तरी. फोटो नाई काढले तरी चालन. जेवाले या."

मी म्हणालो की त्या दिवशी मला मार्कंड्याला जायचं आहे, कोरीवकामावर सकाळचं ऊन हवं आहे. मे महिन्यात मार्कंड्याला कोण जातं? त्यालाही ते कळलं असणार. पण तो "बरं" म्हणाला.

न जाण्याचं खरं कारण कलेचं नव्हतं. कारण जेवणाचं होतं. कचेरीत मी त्याच्याबरोबर चहा प्यायचो, एका बाकावर बसायचो, समतेवरची भाषणं ऐकली तर टाळ्याही वाजवायचो. पण त्यांच्या घरी, त्यांच्या पंगतीत बसून जेवणं मला जमत नव्हतं. चंद्रपूरला आमच्या घरी कळलं असतं तर आईने आरडाओरडा केला नसता, फक्त दोन दिवस माझ्याशी बोलली नसती. एवढ्या दोन दिवसांना मी घाबरलो. तेव्हा मी हे स्वतःलाही असं सांगितलं नव्हतं. आज लिहितो.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा दुपारच्या सुट्टीत तो कॅमेरा घेऊन आला. नकाशाच्या फळीवर त्याने तो ठेवला, आधी खाली स्वच्छ रुमाल पसरून.

"भाऊ, फ्लॅशले किती ठेवाचं?"

"शटर सव्वाशे. दहा फुटांवरून काढशील तर लेन्स आठवर. बाकी काही पाहू नको."

त्याने शटरची चकती माझ्यासमोर धरली. "पण इथी साठच्या बाजूले लाल एक्स हाय. हे कायच्यासाठी हाय?"

मला माहीत नव्हतं. माझ्या कॅमेऱ्यावर ती खूण सव्वाशेपाशी होती आणि तिच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. "मालूम नाई, चाचाला विचारून पाहू," एवढं म्हणायला काय लागतं? स्टुडिओ पाच मिनिटांवर होता. पण गुरूची गादी एकदा बळकावली की "मालूम नाई" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "ते जुन्या बल्बच्या फ्लॅशसाठी असते. आताच्या फ्लॅशले सव्वाशेच. डोळे झाकून ठेवजो."

"पक्कं ना, भाऊ? आधी एक रोल काढून पाहू का?"

"कायले रोल वाया घालवतो? तुले फोटो काढाचे आहेत का पुलाचा नकाशा?"

तो हसला. मग खिशातली छोटी वही काढून त्याने आपल्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहून घेतलं: फ्लॅश, १२५, ८. नंतर मला कळलं की त्याच्या मामाने आरमोरीचा एक फोटोग्राफर ठरवला होता आणि याने "आपल्याले सांगणारा माणूस आहे" म्हणून त्याला नको म्हटलं होतं. सांगणारा माणूस म्हणजे मी.

लग्नाच्या दिवशी मी मार्कंड्याला गेलो नाही. खोलीत पंख्याखाली लोळत पडलो होतो.

पुढच्या रविवारी तो स्टुडिओत आला. दोन्ही फिल्म चाचांनी सकाळीच धुतल्या होत्या. आम्ही बाकावर होतो, मी आणि आणखी दोघं. चाचा आतून ओल्या पट्ट्या घेऊन बाहेर आले आणि दाराच्या उजेडात धरून उभे राहिले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, जिथे उजेड पडला नाही तिथे फिल्म काचेसारखी कोरी दिसते. मी बसल्या जागेवरूनही पाहू शकत होतो. फ्लॅशने काढलेली प्रत्येक चौकट अर्धी कोरी होती. एकसारखी, पट्टी लावून कापल्यासारखी.

"आधा फोटो कुठी गेला, बेटा?" चाचा म्हणाले. "फ्लॅशला शटर किती ठेवलं होतं?"

"सव्वाशे."

"अरे, ह्या कॅमेऱ्याला साठ लागते. लाल निशाण आहे ना बाजूला, ते त्याच्याच साठी. सव्वाशे किसने बोला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, नजर उचलली आणि खाली केली, एवढंच. मी माझ्या लेन्सचं झाकण काढून पुन्हा लावत होतो.

"कोणी नाई, चाचा," तो म्हणाला. "माह्याच ध्यानात नाई राह्यलं."

तिथे मी गप्प बसलो असतो तरी आज मला स्वतःची थोडी कमी किळस आली असती. पण मी गप्प बसलो नाही. बाजूचा एक जण हसत म्हणाला, "पहिल्यांदा कॅमेरा हातात आला का असंच होते." त्यातलं "पहिल्यांदा" त्याच्या एकट्याबद्दल नव्हतं, त्याच्या लोकांबद्दल होतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. मी त्या हसण्यात सामील झालो. वर गुरूच्या आवाजात त्याला म्हणालो, "अरे, फ्लॅशले साठच ठेवा लागते. एवढं तरी पाहून घ्याचं होतं."

"हो भाऊ," तो म्हणाला.

चाचांनी प्रिंट काढून दिल्या, जमेल तेवढी खटपट केली. बाहेर उन्हात, फ्लॅशशिवाय काढलेले फोटो उत्तम आले होते. मांडव, पंगत, पाहुण्यांच्या सायकली, सगळं स्वच्छ. पण लग्न लागलं ते समाजमंदिरात, छोट्या खिडक्यांच्या खोलीत, आणि तिथले सगळे फोटो फ्लॅशचे. नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला बसते, म्हणजे फोटोत उजवीकडे. फोटोचा नेमका उजवा अर्धा भागच काळा. त्यामुळे नवरदेव प्रत्येक फोटोत हजर होता, पांढऱ्या सदऱ्यात, हार घालून, कधी हसत तर कधी घाम पुसत. नवरी एकाही फोटोत नव्हती.

जावई भामरागडला शाळामास्तर होता. लग्नानंतर आठवडाभरात मुलगी त्याच्याबरोबर गेली आणि जूनमध्ये पाऊस लागला. तिकडे नदी चढली की रस्ता बंद, मग माणूस नाही की चिठ्ठी नाही, थेट दिवाळीच्या तोंडावर सुटका. लेकीचा दुसरा फोटो त्या घरात नव्हता. आईला तिचं तोंड पाहायला म्हणूनच तर याने कॅमेरा घेतला होता. हे तो मला तक्रार म्हणून बोलला नाही. एकदा नकाशाला रंग भरता भरता सहज म्हणाला. गावात मामा आता त्याला "फोटोग्राफर साहेब" म्हणतात, हेही असंच सहज.

त्या पावसाळ्यात मी रोज ठरवायचो की आज सांगायचं. आणि रोज दुसरंच काही करायचो. त्याच्या नकाशांची साहेबांसमोर नको इतकी स्तुती केली. नागपूरहून त्याच्यासाठी एक रोल आणला. "राहू द्या भाऊ, लागला का सांगीन," म्हणून त्याने तो परत केला. रविवारी स्टुडिओत येणं त्याने बंद केलं होतं. मी जात होतो. माझ्या जागेवर बसत होतो. फक्त कुणी फ्लॅशचं विचारलं की मला लघवीला जायची आठवण व्हायची.

पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट. साहेबांना एका बंधाऱ्याचा नकाशा हवा होता आणि आरेखक जेवायला बाहेर गेला होता, म्हणून मी त्याच्या फळीवरचे कागद चाळले. खाली एक ट्रेसिंग होतं. त्यावर रस्ता नव्हता, बंधारा नव्हता. कॅमेऱ्याच्या आतला पडदा होता. वर सहा चौकटी, खाली सहा. वरच्या ओळीला साठ, खालच्या ओळीला सव्वाशे. साठच्या ओळीत एक कापडी पडदा सरकत जातो, सगळी चौकट मोकळी होते, तेव्हा छोटी चांदणी काढून फ्लॅश पेटल्याचं दाखवलं होतं, आणि मग दुसरा पडदा येतो. सव्वाशेच्या ओळीत पहिला पडदा दुसऱ्या टोकाला पोचतो तोवर दुसरा अर्ध्यावर आलेला. चांदणी पेटते तेव्हा अर्धी चौकट झाकलेली. झाकलेल्या भागात बारीक तिरप्या रेघा. मोजमापं मिलिमीटरमध्ये. एवढ्या वर्षांत मला जे कुणी समजावलं नव्हतं ते त्या कागदाने एका नजरेत समजावलं.

तो मागे येऊन उभा होता. "कॅमेरा मागून उघडला अन् पांढऱ्या भिंतीकडे धरून फ्लॅश मारला, भाऊ. रोल नसला तं डोळ्यानं दिसते."

"हे कधी काढलं?"

"जूनमध्येच. तुमच्या कॅमेऱ्यात पत्र्याचा पडदा हाय, वरून खाली पडते, म्हणून त्याले सव्वाशे चालते. माह्याले नाई चालत. तुमाले मालूम नव्हतं."

तो माझी बाजू घेत होता. मला ते सहन होईना. "मंग त्या दिवशी चाचापाशी माहं नाव काऊन नाई घेतलं?"

"चार लोक बसले होते. तुमाले त्याइच्यासमोर खाली पाहा लागलं असतं." त्याने ट्रेसिंग माझ्या हातातून घेतलं आणि गुंडाळलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पण तुम्ही मले मंग साठ शिकवलं ना, ते नव्हतं पाहिजे."

माफी मागायला मला तोंड नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "तुझ्या आईला मी स्वतः येऊन सांगतो."

"तिले काय समजते शटरचं," तो म्हणाला. पण ये म्हणाला नाही तसा येऊ नकोही म्हणाला नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी स्टुडिओत न जाता एसटी पकडली. घर रस्त्यापासून जवळच होतं. सारवलेली पडवी, दारात कापणीला आलेलं धान. आई बारीक अंगाची, कामाने वाळलेली बाई. मुलाच्या हापिसातले भाऊ आले म्हणून तिने बाजेवर चादर टाकली. आणि मी बसतो न बसतो तोच भिंतीवरच्या खिळ्यावरून एक फ्रेम काढून माझ्या हातात दिली. काच पदराने पुसून दिली.

"हे माहे जवाई," ती म्हणाली. डावीकडे तो मास्तर होता, हार घातलेला, समोर पाहणारा. मग तिने बोट उजवीकडे नेलं, काळ्या अर्ध्यावर ठेवलं. "अन् इथी माही पोरगी हाय. नीट पाहा, पांढरं दिसते ना जरासं? ते तिचं पातळ. पांढरं पातळ होतं तिचं."

मी पाहिलं. बोटाखाली काहीतरी फिकट होतं खरं. पातळ होतं की कागदाचा दोष, मला आजही सांगता येणार नाही. ती मात्र पाच महिने रोज पाहत आली होती.

"दिसते," मी म्हणालो.

"पोरगा म्हणते कॅमेराच खराब होता. मामा याले बोलते. मी म्हणतो जाऊ द्या, जवाई तं आला ना फोटोत."

मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मी एका दमात बोलून टाकलं. "बाई, कॅमेरा खराब नव्हता, अन् तुमच्या पोराची चूक नाई. त्यानं मले विचारलं होतं. मी चुकीचा आकडा सांगितला. माहीत नसून सांगितला. हे माह्याच्यानं झालं."

आकडा, चूक, हे सगळं ती मनात कुठेतरी जुळवून पाहत होती. लग्नाला आलेली माणसं ती एकेक आठवत असावी, कारण तिने विचारलं ते हे, "तुम्ही होते का लग्नाले?"

"नाई."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. माझ्यावरचा आळ तिला स्वतःहून दूर करायचा होता, माझं मन राखायचं होतं. आवाजात टोमण्याचा लवलेश नव्हता.

"मंग तुमच्यानं कसं होईन, भाऊ?" ती म्हणाली. "तुम्ही तं आलेच नाई."